बाराही महिने अग्नीची राखण

दुबईच्या खाडीचे जे टोक वाळवंटाच्या अंगास आत शिरले आहे, त्यास रास अल खोर असे नाव आहे. या अरबी शब्दांचा अर्थच मुळी खाडीचे शिर असा होतो. हिवाळ्यात तेथील उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २००७ साली या पाणथळीची गणना रामसर यादीत झाली. परंतु पाणथळीच्या पलीकडे पाहावे तो गुदामे, मोटारींचे बाजार आणि दुरुस्तीचे कारखाने यांची दाटी. दुबईच्या अशा उद्योगवस्त्यांत राबणारे पुष्कळसे हात भारतीय आहेत. कराराच्या कागदावर अंगठा उठवून जी माणसे एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आली, त्यांचे हे उशिरा निघालेले भाऊबंदच म्हणावयाचे. कराराच्या अटी बदलल्या; एका खोलीत अनेकांनी राहणे आणि त्याच दाटीत अन्न शिजविणे अजून संपलेले नाही.

याच खाडीच्या मुखापाशी, देरा भागात, अल रास नावाची जुनी वस्ती आहे. नावे सारखी असल्याने दोहोंची गल्लत होते. १५ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारी तेथील एका निवासी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आग लागली. सोळा माणसे दगावली. इमारतीत सुरक्षिततेच्या नियमांचे पालन झाले नव्हते, असे प्राथमिक चौकशीअंती नागरी संरक्षण दलाने सांगितले. मृतांत केरळचे एक दांपत्य होते. विषूचे जेवण रांधून सायंकाळी रोजा सोडणाऱ्या मुस्लिम शेजाऱ्यांस ते जेवावयास बोलावणार होते, असे वृत्तपत्रांनी लिहिले.

देऱ्याला आग नवी नव्हे. १८९४ साली लागलेल्या आगीत तेथील बहुतेक घरे भस्मसात झाली होती. त्या काळी सामान्यांची घरे खजुरीच्या झावळ्यांची असत, आणि वाळलेली झावळी म्हणजे आयते सरपणच. मॉरिशसमधील गवताने शाकारलेल्या झोपड्यांची गतही तीच होती. चुलीतली ठिणगी वाऱ्यावर उडाली की घर गेलेच, हे पोराबाळांनाही ठाऊक असे. पुढे १९६० सालच्या वादळांनी, विशेषतः फेब्रुवारीतील कॅरोलने, असली घरे जमीनदोस्त केली आणि बेटावर सिमेंटची घरे उभी राहू लागली. छपराबरोबर आगीचे भयही गेले, असा समज मात्र घातक होय. सिमेंटची भिंत जळत नाही. गाद्या, पडदे आणि प्लॅस्टिक जळते. त्याचा विषारी धूर बाहेर जाण्यास गवती छपराच्या फटी आता उरलेल्या नाहीत. ज्वाळा पोहोचण्यापूर्वी धूरच माणसास गाठतो, आणि झोपेत असल्यास त्यास जागही येत नाही.

जुना विस्तव दिसत असे. आजचा तारेत लपून बसतो. आखाती उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र अहोरात्र चालते; त्याचा भार जोडतारेवर टाकला, किंवा एकाच फळीला इस्त्री, शेगडी आणि किटली लावली, की तार आतून तापते. तिचे आवरण मऊ पडले, प्लग काळवंडला, जळका वास आला, तर तो जोड त्याच दिवशी बंद करावा. हिवाळ्यात कोळशाची शेगडी बंद खोलीत आणणाऱ्यांचा जीव आगीवाचूनही जातो, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मॉरिशसमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ. वीज गेली की मेणबत्ती पेटते, आणि वाऱ्याने पडदा तिच्यावर येतो. त्या रात्रीपुरती तरी विजेरी बरी. दिवाळीतील पणत्या अंगणात शोभतात. खिडकीच्या पडद्याखाली शोभत नाहीत.

कढईची गोष्ट निराळी, आणि सुजाण गृहिणीही येथे चुकते. तेल पेटले की हात पाण्याकडे जातो. पाणी तेलापेक्षा जड असल्याने खाली बसते, क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाफ पेटते तेल छतापर्यंत उडविते. शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती निवेपर्यंत उचलू नये. कढई हातात धरून दाराकडे धावणे हेही तितकेच वाईट. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याचे बटण लावूही नये, बंदही करू नये, कारण बटणाची ठिणगी पुरते.

अमिरातींच्या शासनाने निवासी व्हिलांत धूरसूचक यंत्रे बंधनकारक केली असून ‘हसंतुक’ योजनेद्वारे ती नागरी संरक्षण दलाच्या कक्षाशी जोडली जातात. साधे यंत्र बॅटरीवर चालते आणि फार महागही नसते. ते छतावर, निजण्याच्या खोलीजवळ असावे. महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून आवाज ऐकावा. जाळी काढण्यासाठी घरात शिडी निघतेच. त्याच वेळी यंत्रावरची धूळ पुसावी आणि बॅटरीची मुदत पाहावी. रात्री ते वाजलेच, तर गुडघ्यांवर येऊन धुराच्या खालून सरकावे, मागचे दार ओढून घ्यावे, आणि दागिन्यांच्या पेटीसाठी परत आत जाऊ नये.