जुन्या संगणकास नवा माऊस
जुन्या घरगुती संगणकाचा माऊस निकामी झाला, की नवा आणावा लागतो. परंतु नव्याचे टोक चपटे आणि संगणकाची खोबण वाटोळी! सहा पिनांची ही वाटोळी जोडणी आय. बी. एम. कंपनीने १९८७ साली प्रचारात आणली. पुढे माऊससाठी हिरवा व कळफलकासाठी जांभळा रंग रूढ झाला. चपटे यूएसबी टोक तीत बसविण्यासाठी लहानसा जोडतुकडा मिळतो. मात्र तो केवळ तारा जुळवितो, संकेतांचे रूपांतर करीत नाही. म्हणून दोन्ही प्रकारचे संकेत देऊ शकणारा माऊसच निवडावा. जोडण्यापूर्वी संगणक बंद करावा. अन्यथा आतील मंडलास इजा होण्याचा संभव असतो. एवढी दक्षता घेतली, म्हणजे क्षुल्लक माऊसपायी धडधाकट संगणक अडगळीत पडत नाही.