पॉलिसी घेताना हप्ता शेवटी विचारा

आपल्या घरांत आजारपणाचा खर्च कसा भागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी अम्मीच्या बांगड्या जातात, मग मामूंकडून कर्ज-ए-हसना, आणि तेही पुरले नाही तर जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एलान. लोक मदत करतात, यात शंका नाही. पण बायपास किंवा गुडघ्याचे ऑपरेशन अशा एलानावर किती घरांचे आणि कितीदा होणार? पालकसभा संपली की हल्ली आई-बाप मुलांच्या मार्कांपेक्षा मेडिक्लेमबद्दल जास्त विचारतात. प्रश्न ठरलेला असतो, "टीचर, कंपनी कोणती चांगली, आणि हप्ता किती?" माझे उत्तरही ठरलेले आहे. हप्ता शेवटी विचारा. आधी पॉलिसीत काय लिहिले आहे ते विचारा.

त्याआधी जायज-नाजायजचा मसला. तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ओआयसीच्या फिकह अकादमीने १९८५ साली जेद्दाह येथे व्यापारी विमा नामंजूर केला आणि परस्पर सहकार्याच्या तत्त्वावरचा विमा हा पर्याय सांगितला. त्याच तत्त्वावरची तकाफुल पद्धत मलेशियात १९८४ च्या कायद्याने सुरू झाली. आपल्या देशात तशी परवानाधारक कंपनी नाही. म्हणून गरज आणि मजबुरी किती, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. फतवा देणे माझे काम नाही. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, मात्र विचारताना पॉलिसीचे कागद आणि घरची परिस्थिती दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा.

दुसरी गोष्ट सरकारी योजनांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. दादा-दादींचे कार्ड काढले नसेल तर या आठवड्यात काढून घ्या. पण ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालये ही दोन्ही योजनांची मर्यादा आहे. तुमच्या नेहमीच्या दवाखान्याचे नाव यादीत नसेल, तेव्हा खासगी पॉलिसीचा विचार करावा लागतो.

आता अर्जाकडे या. पॉलिसीचा खरा निकाल दवाखान्यात लागत नाही, अर्ज भरतानाच लागतो. घरात कोणाला शुगर, बीपी, थायरॉइड, दमा आहे का, पूर्वी ऑपरेशन झाले आहे का, असे प्रश्न त्यात असतात. एजंट हसत म्हणतो, "भाभी, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." आणि आपण गप्प बसतो. पुढे वालिदसाहेबांना हृदयविकाराने दाखल केले की कंपनी डॉक्टरांचे जुने कागद मागते. केसपेपरवर 'सहा वर्षांपासून मधुमेह' अशी एक ओळ निघाली तरी क्लेम नाकारला जातो, कधी पॉलिसीच रद्द होते. तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही. आणि खोट्या अर्जावर सही त्याची नसते, आपली असते. ज्या घरात अमानतीचे धडे दिले जातात त्या घराने हे विसरू नये.

खरे लिहिले तर काय होते? आधीपासूनच्या आजारासाठी थांबावे लागते, एवढेच. एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. पूर्वी ४ होता. काही कंपन्या थोडा जादा हप्ता घेऊन तो कमीही करतात. याशिवाय पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघेबदल यांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. सलग ५ वर्षे पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, असा नियम आहे, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. काही एजंट हाच नियम दाखवून 'पाच वर्षे काढा' म्हणतात. आजार पाच वर्षे थांबतो का, हे त्यांनाच विचारा.

दुसरा खड्डा रूम रेंटचा. तो भल्याभल्यांना दिसत नाही. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. तुम्ही घेतलेली खोली ६,००० ची. लोकांना वाटते, वरचे ३,००० आपण देऊ, बाकी कंपनी देईल. तसे होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही निम्मेच मंजूर होतात. चार दिवसांचे बिल असे धरा: खोली २४,०००, डॉक्टर व ऑपरेशन १,२०,०००, औषधे व तपासण्या ४०,०००. एकूण १,८४,०००. कंपनी खोलीचे १२,०००, ऑपरेशनचे ६०,००० आणि औषधे-तपासण्यांचे पूर्ण ४०,००० देईल. औषधे आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, हे आपले नशीब. उरलेले ७२,००० तुमचे. विमा ३ लाखांचा, बिल दोन लाखांच्या आत, तरी ७२ हजार खिशातून! म्हणून हप्ता थोडा जास्त असला तरी खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी मी बरी समजते. ते परवडत नसेल तर मर्यादा किती हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा आणि दाखल होताना त्याच दराची खोली मागा. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोठी खोली घेण्याची आपली सवय महागात पडते.

एकत्र कुटुंबात 'सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी' सोयीची वाटते. पण तिचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. अब्बांचे वय ६४ असेल तर तुमच्या दहा वर्षांच्या मुलासाठीही त्या हिशेबाने पैसे जातात, आणि अब्बांच्या एका आजारात सगळ्यांची रक्कम संपू शकते. अम्मी-अब्बांची वेगळी, मियाँ-बीवी आणि मुलांची वेगळी, हेच ठीक. ज्येष्ठांच्या पॉलिसीत 'को-पे' पाहा. २० टक्के असेल तर ३ लाखांच्या बिलात ६०,००० आपले. आता ६५ नंतरही पॉलिसी नाकारण्याची सरसकट वयोमर्यादा राहिलेली नाही, आणि २०२५ पासून ६० वर्षांवरील लोकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे ज्याला सगळे इर्डा म्हणतात त्याच्याशी, बोलावे लागते.

कंपनीचे नाव आता. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी. बाकी खासगी, त्यांतल्या स्टार, केअर, निवा बुपा यांसारख्या काही मुख्यतः आरोग्य विमाच करतात. इर्डाच्या वार्षिक अहवालात कोणी जमा हप्त्यांपैकी किती क्लेममध्ये दिले ते छापलेले असते. २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांचे प्रमाण शंभराच्या वर होते, फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांचे ६५ च्या आसपास. आकडा फार कमी असेल तर कारण विचारा. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्या भागातले रुग्णालय. रत्नागिरीचा माणूस मोठ्या आजारात मुंबईला, नाही तर कोल्हापूर-मिरजेला जातो. तिथल्या दोन-तीन रुग्णालयांच्या बिलिंग खिडकीवर विचारा, कोणत्या कंपनीचे कॅशलेस इथे विनातक्रार होते? तिथला कारकून जाहिरातीपेक्षा खरे सांगतो.

कोकणातल्या घरांसाठी एक खास गोष्ट. दुबई किंवा सौदीत नोकरी आहे तोवर इलाज कंपनीच्या विम्यावर होतो. नोकरी संपून ५५ व्या वर्षी भाईसाहेब घरी परततात, सोबत शुगर असते आणि विमा मात्र तिकडेच राहतो. पॉलिसी तेव्हा घेतली तर थांबण्याचा काळ तेव्हापासून मोजला जातो. म्हणून परतण्याच्या तीन-चार वर्षे आधी, नोकरीत असतानाच, इथली पॉलिसी सुरू करा. राहण्याचे ठिकाण अर्जात खरे लिहा.

पॉलिसी हाती आली की ग्राहक माहिती पत्रक मागा. काय मिळते, काय नाही, किती थांबायचे, हे त्यात सोप्या शब्दांत देणे जानेवारी २०२४ पासून बंधनकारक आहे, आणि मागितले तर ते स्थानिक भाषेत द्यावे लागते. मराठीत मागा. पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. हप्त्याच्या पावतीत तो लावलेला नाही ना, पाहा.

नावाची स्पेलिंगही पाहून घ्या. शाळेच्या दाखल्यांवर मी रोज पाहते: आधारवर मोहम्मद, बँकेत मोहंमद, पॉलिसीत नुसते 'मो.', बीवीचे नाव एका कागदावर बी, दुसऱ्यावर शेख. क्लेमचे पैसे खात्यात जमा होताना हेच अडते. अर्जाच्या आधी सगळीकडे एक करा.

आणि क्लेम नाकारलाच तर? कोणत्या कलमाखाली नाकारला, हे कंपनीला लिहून द्यावे लागते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मुदत एका वर्षाची आहे. अर्जाला नकाराचे पत्र जोडावे लागते, म्हणून काउंटरवरचा तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नका. कागद मागून घ्या.