आधी भिंत, मग कॉम्प्युटर

पाऊस सुरू झाला की डोलवी-वडखळच्या पट्ट्यातून माझ्या दुकानात येणाऱ्या डेस्कटॉपची तक्रार बहुतेक एकच असते. "बटण दाबतो, पण चालूच होत नाही." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "मदरबोर्ड गेला असं म्हणतायत." मदरबोर्ड म्हणजे मोठा खर्च, म्हणून माणूस आधीच हिरमुसलेला असतो. त्याला मी पहिल्यांदा खुर्चीवर बसवतो आणि सांगतो, की चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. शोध भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करायचा आणि एकेक पायरी आत जायचं. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, तर हा क्रम सोडून चालतच नाही.

याचं कारण आमच्या हवेत आहे. डोलवी धरमतर खाडीजवळ, आणि पेण तालुका मिठागरांचा. मिठाचा एक गुण असा, की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून घेतं आणि पाझरायला लागतं. जूनमध्ये स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओली होते, ती यामुळेच. कॅबिनेटच्या आत साठलेल्या धुळीतही हे मीठ असतं. उन्हाळ्यात ती धूळ कोरडी, निरुपद्रवी. पावसाळ्यात ती ओली होते आणि जिथून वीज जायला नको तिथूनही थोडी थोडी जाऊ लागते. तांब्यावर हिरवट थर चढतो, कनेक्टरच्या पिना काळवंडतात. महामार्गावरची आणि कारखानदारीची धूळ आहेच. कोरड्या गावातला कॉम्प्युटर आणि आमच्याकडचा कॉम्प्युटर एकाच दिवशी घेतले तरी त्यांचं आयुष्य सारखं नसतं.

गिऱ्हाईकाला मी पहिला प्रश्न विचारतो, "बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?" उत्तरं तीन प्रकारची असतात. काहीच होत नाही, ना दिवा ना पंखा. किंवा पंखा एक झटका घेतो आणि थांबतो. किंवा पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचा रस्ता वेगळा. फोनवर एवढं नीट सांगितलं तरी अर्धं काम होतं.

काहीच होत नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून बघा. मग यूपीएस बाजूला काढा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीला जोडा. घरगुती यूपीएसमध्ये 12 व्होल्टची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत थकते. थकलेला यूपीएस स्वतःच उठत नाही आणि दोष कॉम्प्युटरवर येतो. पॉवर केबल बदलून बघा, मॉनिटरची केबल बहुतेक तीच असते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, मागचा छोटा स्विच कधी साफसफाईत बंद झालेला असतो, तोही बघा.

आता थोडं थांबून अर्थिंगबद्दल बोलतो, कारण याची मला खरी काळजी वाटते. पुष्कळ घरांत तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांच्या एक्स्टेंशन बोर्डात बसवलेला असतो. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात, "बॉक्समध्ये करंट उतरलाय." एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात, आणि त्यांतून झिरपणारी वीज अर्थिंगने जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास, दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी बारीक असतो म्हणून माणूस बचावतो. पण एसएमपीएस आत खरोखर बिघडला, तर पूर्ण 230 व्होल्ट पत्र्यावर येऊ शकतात, आणि तेव्हा तीच मोडलेली पिन हवी असते.

खारेपाटात याला आणखी एक पदर आहे. आमची जमीन खारी आणि ओली, त्यामुळे वीज सहज जिरवते, अर्थिंगला ती चांगलीच. पण तीच जमीन लोखंडी पाईप आणि पट्टी खाऊन टाकते. घर बांधताना घातलेलं अर्थिंग कागदावर शाबूत असतं, जमिनीखाली गंजून तुटलेलं असतं. वरून काही दिसत नाही. पाहायचं ते मीटरनेच.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर मग बॉक्स उघडायचा. त्याआधी डेस्कटॉप उठतो कसा, ते समजून घ्या. जुन्या मशीनचं बटण हा खरा विजेचा स्विच होता, 230 व्होल्ट त्यातूनच जायचे. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स पद्धत आणली आणि बटणाचं काम बदललं. आता बटण फक्त मदरबोर्डला सांगतं. कॉम्प्युटर बंद असला तरी जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट कायम असतात, त्यावर बोर्डाचा एक कोपरा जागा राहतो. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो आणि एसएमपीएस सुरू होतो. सगळे दाब स्थिर झाले की राखाडी वायरीवरून 'ठीक आहे' असा इशारा जातो आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. यातली एकही पायरी चुकली तरी बाहेरून दिसतं एकच, कॉम्प्युटर चालू होत नाही.

कधी कधी दोष बटणातच निघतो. कॅबिनेटचं बटण स्वस्तातलं असतं, आतला पत्रा गंजतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. रिसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावा आणि रिसेटचं बटण दाबा. कॉम्प्युटर उठला तर खर्च शून्य, रिसेटच्या बटणानेच पुढे वर्षानुवर्षं काम चालतं.

हमरापूरच्या एका गणपती कारखान्यातला कॉम्प्युटर मला आठवतो. ऑर्डरी, उचल, कारागिरांचा हिशेब, सगळं त्यावर. तक्रार अशी, की सकाळी तो उठतच नाही. बटण दाबत राहिलं की कधीतरी उठतो आणि एकदा उठला की रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो. कुणी म्हणालं वायरिंग, कुणी म्हणालं व्हायरस. बॉक्स उघडला तर प्लास्टरची पांढरी पूड पंख्यावर जाड बसलेली. मल्टीमीटर जांभळ्या वायरीला लावला, आकडा आला 4.2. चालतं ते 4.75 ते 5.25 एवढंच. एसएमपीएसमधला कपॅसिटर वाळत आला की असंच होतं. थंड असताना दम धरत नाही, गरम झाला की कसंबसं भागवतो. मी एसएमपीएस बदलला, पूड ब्लोअरने काढली. मदरबोर्डला हात लावावा लागला नाही.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब काही काळ राहतो. तो बदलायची वस्तू आहे, उघडायची नाही. नवा घेताना वजनाला हलका आणि फारच स्वस्त असेल तर टाळा.

पंखा झटका घेऊन थांबत असेल तर बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. पॉवर काढून हार्ड डिस्क, डीव्हीडी, पुढचे यूएसबी, ग्राफिक्स कार्ड असलं तर तेही, एकेक सोडवत जायचं. ज्याला सोडवल्यावर कॉम्प्युटर उठतो, तो गुन्हेगार. बोर्डाखाली पडलेला एखादा स्क्रू किंवा मेलेली पालसुद्धा हे करते.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, यात आमच्याकडे पहिला मान रॅमचा. पॉवर केबल काढा, रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंचा 'टक्' असा आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात एवढ्यानेच कितीतरी मशीन उठतात. मशीन उठलं, पण तारीख दरवेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा 3 व्होल्टचा सेल, सीआर 2032, बदला.

पाणी शिरलेल्या कॉम्प्युटरचा नियम वेगळा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात कितीतरी छपरं उडाली, जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली गेलं. अशा वेळी 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबणं हेच सर्वांत मोठं नुकसान. भिजलेला बोर्ड बरेचदा वाचतो, ओला असताना वीज दिलेला क्वचितच. केबल काढा, सेल काढा आणि दुकानात न्या. कोरडा दिसला तरी आत चिखल आणि क्षार असतात.

आणि घाबरू नका, चालू न होणं म्हणजे फोटो आणि हिशेब गेले असं नाही. ते हार्ड डिस्कमध्ये असतात आणि वीजपुरवठ्याच्या बिघाडात डिस्क बहुतेक शाबूत राहते. ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. म्हणून कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी डिस्क काढून ठेवा.

शेवटी खारेपाटातल्या सगळ्यांना एक विनंती. मे महिन्यात छपराची डागडुजी करता, तेव्हाच वायरमनला बोलावून अर्थिंग मीटरने तपासून घ्या, गंजलेला पाईप बदला आणि मोडक्या पिनेचा प्लग टाकून द्या.