झोपताना अर्धी भाकरी: एक सल्ला, दोन अभ्यास आणि उलटा बाण

घरात कुत्रा असेल तर हा सल्ला तुम्ही ऐकलाच असेल. कुत्रा सकाळी उठल्या उठल्या पिवळं, फेसाळ पाणी ओकतो आणि कुणीतरी सांगतं, "रात्रभर पोट रिकामं राहतंय त्याचं. झोपताना थोडं काहीतरी देत जा." आमच्या खंड्यालाही हाच सल्ला मिळाला. आई रात्री साडेदहाला त्याला अर्धी भाकरी कुस्करून द्यायला लागली. आठवड्यातून चार वेळा होणारी उलटी एकावर आली. सगळे खूश.

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षात होतो. संशोधन पद्धतीचा कोर्सवर्क पेपर नुकताच पास झालो होतो. तरी मीच घरी ठासून सांगितलं, "बघा, लागू पडलं. म्हणजे पोट रिकामं राहणं हेच कारण होतं." या एका वाक्यात किती चुका होत्या ते आज सांगतो. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहीत आहेत त्यांना यातलं बरंचसं थेट उपयोगी पडेल.

आधी यंत्रणा: रिकाम्या पोटात काय चालतं?

पोट रिकामं असलं म्हणजे ते स्वस्थ बसलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. जोसेफ शुर्झेव्स्की यांनी 1969 साली कुत्र्यांच्या लहान आतड्यात विद्युत हालचालींची एक लाट नोंदवली. ही लाट उपाशीपोटी ठराविक अंतराने वरून खाली सरकत जाते. साधारण दीड ते दोन तासांनी एक जोरदार फेरी येते आणि आतड्यात उरलंसुरलं पुढे ढकलून देते. घरात रात्री सगळे झोपल्यावर कुणी केर काढावा, तसंच. कुत्र्याने काही खाल्लं की ही फेरी थांबते आणि पचनाची वेगळी हालचाल सुरू होते. माणसातही हेच चालतं.

आता तर्क असा मांडला जातो: काही कुत्र्यांमध्ये उपाशीपोटीच्या या हालचालीत गडबड असावी. त्यामुळे आतड्यातलं पित्त उलट जठरात येतं, अस्तराला झोंबतं आणि पहाटे उलटी होते. रात्री उशिरा थोडं खाल्लं तर उपाशी राहण्याचा काळ कमी होतो.

तर्क पटण्यासारखा आहे. पण इथेच पहिली गोष्ट लिहून ठेवा: यंत्रणा पटली म्हणजे उपाय सिद्ध झाला, असं होत नाही. यंत्रणेवरून फक्त "हे तपासून बघण्यासारखं आहे" एवढंच कळतं.

पहिला अभ्यास: वीस कुत्री

या त्रासाला इंग्रजी पुस्तकांत 'बिलियस व्हॉमिटिंग सिंड्रोम' म्हणतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका गटाने 2016 साली यावर पेपर प्रसिद्ध केला. 2002 ते 2012 या काळातले जुने केसपेपर चाळून त्यांनी निकषात बसणारी 20 कुत्री निवडली. त्यांच्यावर झालेले उपाय होते थोडं थोडं आणि जास्त वेळा खाणं, रात्री उशिराचं खाणं, आम्ल कमी करणारी औषधं आणि जठराची हालचाल सुधारणारी औषधं. बहुतेक कुत्र्यांना बरं वाटलं.

आता हा पेपर परीक्षकाच्या नजरेने वाचा. तीन प्रश्न लगेच पडायला हवेत.

एक, तुलनेचा गट कुठे आहे? ज्यांना काहीच दिलं नाही अशी कुत्री त्यात नाहीत. आणि लोक कुत्र्याला दवाखान्यात नेतात कधी? त्रास सगळ्यात वाढलेला असतो तेव्हा. त्यानंतर काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी थोडा उतार पडतोच. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात. आईने भाकरी सुरू केली ती सगळ्यात वाईट आठवड्यानंतर, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

दोन, कशाने बरं वाटलं? खाणं आणि औषधं एकत्र दिली जात असतील तर श्रेय एकट्या खाण्याला देता येत नाही.

तीन, ही कुत्री कोण होती? बहुतेक तरुण. शिवाय हे निदान इतर आजार वगळून केलं जातं. म्हणजे पिवळी उलटी दिसली की लगेच हे नाव द्यायचं नसतं. दुसरं काही सापडलं नाही, की मग हे नाव उरतं. खंड्या अकरा वर्षांचा होता आणि आम्ही दुसरं काहीच वगळलं नव्हतं.

हा पेपर वाईट आहे असं मात्र समजू नका. या आजाराची कुत्री कशी असतात याचं वर्णन करणं हा त्याचा हेतू होता आणि ते काम त्याने केलं. पेपरने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून काढणं ही वाचणाऱ्याची चूक असते.

दुसरा अभ्यास: हजारो कुत्री आणि उलटा निष्कर्ष

अमेरिकेत 'डॉग एजिंग प्रोजेक्ट' नावाचा मोठा प्रकल्प चालतो. त्यात घरगुती कुत्र्यांचे मालक सविस्तर प्रश्नावल्या भरतात. 2022 साली त्यातला एक पेपर गाजला. बुद्धीच्या कार्यासाठी 24,238 आणि आजारांसाठी 10,474 कुत्र्यांची माहिती तपासली होती. दिवसातून एकदाच खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये पोटाच्या, दातांच्या, हाडांच्या, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या तक्रारी कमी आढळल्या.

मग काय, भाकरी बंद? वीस कुत्री एकीकडे, हजारो दुसरीकडे. आकडा मोठा तो खरा?

थांबा. हा अभ्यास एका वेळेचं चित्र घेणारा होता. खाणं आणि आजार, दोन्हीची माहिती एकाच वेळी गोळा केलेली. आता समजा, खंड्याची प्रश्नावली मी भरली असती. "दिवसातून किती वेळा खायला देता?" तीन वेळा. "पोटाची तक्रार आहे का?" आहे. आकडेवारीत खंड्या कुठे गेला? जास्त वेळा खाणाऱ्या आणि आजारी कुत्र्यांच्या रांगेत. पण तो तीन वेळा खात होता म्हणून आजारी नव्हता. आजारी होता म्हणून तीन वेळा खात होता!

यालाच उलटं कार्यकारण म्हणतात. बाणाचं टोक आपण समजतो त्याच्या दुसऱ्या बाजूला असतं. मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा पोटाचा त्रास असलेल्या कुत्र्याला थोडं थोडं, जास्त वेळा द्या, हा नेहमीचा सल्ला आहे. म्हणजे झोपतानाची ती अर्धी भाकरीच या आकड्यांमध्ये 'आजाराचं कारण' म्हणून दिसू शकते. नमुना 20 वरून 24,000 वर नेला तरी बाणाची दिशा कळत नाही. मोठ्या नमुन्याने अंदाज अधिक नेमका होतो, पण तो चुकीच्या गोष्टीचा नेमका अंदाजही असू शकतो. त्या पेपरच्या लेखकांनीही यावरून खाण्याच्या वेळा बदलू नका, असंच सांगितलं होतं. मथळ्यांमध्ये ते आलं नाही.

मग तपासायचं कसं?

हा प्रश्न व्हायवात आला तर काय सांगाल? माझं उत्तर असं असतं.

हा त्रास दीर्घकाळ चालतो आणि खाण्याचा परिणाम दिसायचा असेल तर एक-दोन दिवसांत दिसतो. म्हणून क्रॉसओव्हर पद्धत इथे चांगली बसते. प्रत्येक कुत्रा काही आठवडे झोपताना खातो, काही आठवडे खात नाही. आधी काय, हे नाणं उडवून ठरवायचं. दिवसभराचं एकूण खाणं तेवढंच ठेवायचं, म्हणजे रात्रीचा घास संध्याकाळच्या ताटातून काढायचा. नाहीतर परिणाम वेळेचा की जास्त खाण्याचा, हे कळणार नाही. औषधं बदलायची नाहीत.

आणि मोजायचं काय? "बरं वाटतंय का?" असं विचारू नका. लंगडणाऱ्या कुत्र्यांवरच्या 2012 सालच्या एका अभ्यासात, औषध नसलेली गोळी दिली तरी बऱ्याच मालकांना सुधारणा दिसली होती. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला तेव्हा ती सुधारणा तिथे नव्हती. म्हणून उलट्या तारखेनिशी मोजा. मोजायच्या आधीच ठरवा, किती फरक पडला तर 'लागू पडलं' म्हणायचं.

खंड्याचं काय झालं?

तीन महिन्यांनी त्याचं पाणी पिणं वाढलं, वजन उतरलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंडं थकली होती. उलटी हे बहुधा त्याचंच लक्षण होतं. भाकरीने ते थोडं झाकलं गेलं आणि आम्ही "लागू पडलं" म्हणत निवांत राहिलो. पुढे पथ्य आणि औषधांवर तो चौदा महिने जगला. तीन महिने आधी कळलं असतं तर किती जगला असता? आमच्याकडे तुलनेला दुसरा खंड्या नव्हता. हा हिशोब मी अनेकदा मांडून बघितला, दरवेळी इथेच अडलो.

आई म्हणाली, "तू तर संशोधन शिकतोस ना रे?" तिने सहज विचारलं. उत्तर मात्र सुचलं नाही.

तर, तुमचा कुत्रा सकाळी पिवळं ओकत असेल तर झोपताना थोडं खायला द्यायला हरकत नाही. त्याच्या रोजच्या खाण्यातलंच द्या. बेदाणे, चॉकलेट, कांदा अजिबात नको. पण उलटी वारंवार होत असेल, कुत्रा वयस्कर असेल, वजन उतरत असेल किंवा तो पाणी जास्त पीत असेल, तर आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या, भाकरी मग.

आणि सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक 'यामुळे'पाशी पेन्सिलीने एक बाण काढा. मग तोच बाण उलटा काढून वाक्य पुन्हा वाचा. उलटं वाक्यही तितकंच पटत असेल, तर तुमच्या अभ्यासाचा आराखडा अजून पुरा झालेला नाही.