मोटार नको, लंडन पायीसुद्धा गाठता येते

आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरात पहिला प्रश्न उठतो, "एवढ्या मोठ्या शहरात पोर एकटी फिरेल कशी?" आई-वडिलांनी जन्मभर एसटी आणि पायवाट यांवरच भागवलेले असते. लंडन म्हणजे मोटारवाल्यांचे शहर, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. शिक्षण शुल्क, विमानभाडे व निर्वाह भत्ता त्यातून मिळतो. पण भत्ता मोजका असतो. प्रवासात पैसे उधळले तर पोटाला चिमटा बसतो. म्हणून वाट आधीच माहीत असावी.

कारंजाहून एसटीने नागपूर, नागपूरहून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून विमानाने लंडनचा हीथ्रो विमानतळ. तेथे टॅक्सी करण्याचे कारण नाही. विमानतळाखालूनच १९७७ पासून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन जाते. सुमारे तासाभरात, गाडी न बदलता, होबर्न स्टेशनला उतरता येते. बाबासाहेबांचे 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' तेथून चालत दहा मिनिटांच्या आत आहे.

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्येच १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. आज तिची २७२ स्टेशने आहेत. एवढे जाळे कळावे कसे? हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने विजेच्या तारांच्या आकृतीसारखा सरळ रेषांचा नकाशा काढला. तो १९३३ साली छापला गेला. प्रत्येक मार्गाला वेगळा रंग आहे : पिकॅडिलीला गडद निळा, नॉर्दर्नला काळा. रंग ओळखता आला की निम्मे काम झाले.

तिकिटासाठी रांग लावावी लागत नाही. ऑयस्टर कार्ड किंवा स्पर्शाने चालणारे बँकेचे कार्ड दारावरच्या यंत्राला टेकवायचे. रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडतानाही टेकवायचे, नाहीतर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र चढतानाच एकदा. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. बस भुयारी रेल्वेपेक्षा स्वस्त पडते, आणि तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे भाडे लागत नाही. विद्यार्थ्यांना खास कार्डावर मुदतीच्या पासात ३० टक्के सवलत मिळते. उलट मोटारवाल्याला शहराच्या मध्यभागात शिरायलाच २००३ पासून पैसे भरावे लागतात!

आता बाबासाहेबांच्या घराकडे. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले व तेथे स्मारक केले. तेथे जाण्यासाठी नॉर्दर्न लाइनच्या चॉक फार्म स्टेशनला उतरावे. एक खबरदारी घ्यावी. कॅम्डन टाउनला या मार्गाला फाटे फुटतात. गाडीवर 'एजवेअर' लिहिले आहे का ते पाहूनच चढावे. 'हाय बार्नेट'ची गाडी चॉक फार्मला जात नाही. बडनेऱ्याला अमरावतीचा फाटा वेगळा होतो, तसेच हे. स्टेशनपासून घर चालत दहा मिनिटांच्या आत आहे. स्मारक उघडण्याची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी.

चॉक फार्म स्टेशन १९०७ सालचे आहे, म्हणजे बाबासाहेबांच्या काळीही ते होते. ज्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते वाचत बसत, ते घरापासून पायी सुमारे चार किलोमीटर. म्युझियम, ग्रेज इन आणि त्यांचे कॉलेज ही तिन्ही ठिकाणे तर एकमेकांपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहेत. म्युझियम पाहायला आजही तिकीट नाही. एका दिवसात, बसचे भाडे सोडले तर फारसा खर्च न करता, हा सारा परिसर पाहून होतो. याच परिसरात अभ्यास करून त्यांनी १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

रस्त्यावर वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे, म्हणजे घाईत असलेल्यांना वाट मिळते. खोली भाड्याने घेताना कॉलेजपासूनचे अंतर आणि बसथांबा दोन्ही पाहावे. भाडे कमी म्हणून फार लांब राहिले तर वाचलेला पैसा प्रवासातच जातो.

आई-वडिलांनो, ज्या पोराला एसटीची पाटी वाचून, फाट्यावर उतरून पुढची गाडी धरता येते, त्याला लंडन अवघड नाही. वाटेच्या भीतीने शिष्यवृत्तीचा अर्ज घरी अडवून ठेवू नका. दारात मोटार नसणे ही आपली उणीव नव्हे. अर्ज भरा, नकाशा पोराच्या हाती द्या आणि त्याला निघू द्या.