सही कुठं करू?

कर्जत स्टेशनात 'बँकर' म्हणजे माणूस नव्हे, इंजिन. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती वडापाव घेता यावा म्हणून, असं पुष्कळ प्रवाशांना वाटतं. ती थांबते कारण पुढे बोरघाट आहे. 37 फुटांना एक फूट असा चढ, तो एकट्या इंजिनाला झेपत नाही. म्हणून गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लावतात, ती मागून रेटत लोणावळ्यापर्यंत जातात आणि तिथं सुटतात. वडील रेल्वेत होते. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले, "मागून रेटायचं काम दिसतंय तुझंही." तेव्हा मी हसले. पुढे जामीनदाराचं प्रकरण वाचायला घेतलं आणि कळलं, की गाडीमागचं ते इंजिन बँकेच्या दारात कोण असतं.

मी कर्जतच्या एका शाखेत कर्जाच्या टेबलावर बसते. घर कोंडाण्याला. रात्री घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज दरीतून येतो, तो माझा अभ्यासाचा वेळ. परीक्षा जेएआयआयबी, घेणारी संस्था इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, 1928 सालची. आधीच्या मंडळींना कायद्याचा वेगळा पेपर असायचा. 2023 पासून अभ्यासक्रम बदलला, पेपर चार झाले आणि कायदा बँकिंगच्या तत्त्वांच्या पेपरात जाऊन बसला. पण कुठंही बसला तरी कायदे जुनेच: करार कायदा 1872 चा, मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा, चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा 1881 चा. बोरघाटातली रेल्वे 1863 ची. म्हणजे घाटात गाडी धावायला लागल्यावर वीसेक वर्षांत हे तिन्ही कायदे झाले, आणि आमच्या शाखेतला फॉर्म अजून त्यांच्याच भाषेत बोलतो.

पहिले काही आठवडे मी कलमं पाठ केली. त्याचा उपयोग शून्य. 138 व्या कलमाप्रमाणे चेक परत आला तर माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर देणेकऱ्याला 15 दिवस, त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार, हे 30-15-30 मी आंघोळ करतानाही म्हणत असे. मग एक दिवस काउंटरवर एका दुकानदाराने विचारलं, "ताई, चेक परत आल्याला सव्वा महिना झाला, आता 'एकशे अडतीस' करता येईल का?" मला आकडे येत होते, उत्तर येत नव्हतं. नोटिशीची मुदत गेली असली तरी चेकचे तीन महिने संपले नसतील तर तोच चेक पुन्हा भरता येतो, पुन्हा परत आला की मुदत नव्याने सुरू होते, ही साधी वाट आमच्या साहेबांनी मान वर न करता सांगितली. त्या दिवसापासून मी पाठांतर सोडलं आणि समोर येणारा कागद घेऊन पुस्तकात उलटी शोधायला लागले.

उलटं शोधताना पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या धंद्यातला सगळा कायदा सहीभोवती आहे. कुणी केली, कोणत्या नात्याने केली, कधी केली. सातबारावर नावापुढे 'अ.पा.क.' दिसलं की कर्जाच्या टेबलावर हात थांबला पाहिजे. अज्ञान पालक कर्ता, म्हणजे मालक अल्पवयीन आहे आणि त्याच्या वतीने कुणीतरी मोठं बघतंय. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरी बिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवलं. कलकत्त्यातल्या सावकाराने सज्ञान नसलेल्या मुलाची घरं गहाण घेतली होती, आणि मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं. पालक तरी मुलाच्या नावची जमीन गहाण ठेवू शकतो का? हिंदूंसाठीच्या 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय नाही. 'आई आहे ना सोबत, तिची सही घ्या', हे वाक्य मी स्वतः दोनदा बोललेय. आता लाज वाटते.

तसंच बचत गटाचं. अध्यक्ष ताई येतात, ठळक अक्षरात सही करतात, खाली 'अध्यक्ष' लिहायचं राहतं, गटाचा शिक्का पिशवीतच असतो. 1881 च्या कायद्याचं 28 वं कलम म्हणतं, की दुसऱ्याच्या वतीने सही करताना तसं लिहिलं नाही, तर देणं सही करणाऱ्याच्या अंगावर. एका शब्दासाठी गटाचं कर्ज बाईच्या घरावर येऊ शकतं. मी शिक्का काढायला लावते म्हणून गटातल्या बायका मला खवट समजतात. असू दे.

एका रविवारी पाहुण्यांना घेऊन लेण्यांवर गेले होते. कोंडाण्याची लेणी म्हणजे राजमाचीच्या पायथ्याचं, इसवी सनापूर्वीचं काम. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं. लहानपणापासून ती ओळ दाखवत आले, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरंच आलं. नाव लिहिलंय, कुणाचा कोण तेही लिहिलंय. बालक शिक्का विसरला नव्हता. नाशिकच्या लेण्यात तर राजा नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेवली; दोन हजारांवर महिना शेकडा एक, हजारावर पाऊण, आणि मुद्दल परत मागायचं नाही, हे सगळं दगडात कोरलंय. मुदत ठेवीची पावती इतकी टिकाऊ मी दुसरी पाहिली नाही.

पण मला सांगायचं आहे ते जामिनाचं.

आपल्याकडे 'जामीन' हा शब्दच घोटाळ्याचा. कोर्टातून आरोपी सोडवतात तोही जामीन, आणि कर्जाला राहतात तोही. त्यामुळे माणसं समजतात, की जामीन म्हणजे 'हा पळून जाणार नाही' एवढं सांगणं. काहींना तर तो साक्षीदाराचा भाऊ वाटतो. करार कायद्याचं 128 वं कलम एका ओळीचं आहे: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आणि आधी कर्जदाराच्या मागे लागा, तो संपला की मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं; बँकेला थांबायला लावलं तर जामीन घेण्यात अर्थच उरत नाही.

कायदा मात्र इतका एकतर्फी नाही. जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांतून तो सुटतो. कर्जदाराला सोडून दिलं तर जामीनदारही सुटतो. बँकेने तारण हातचं घालवलं तर त्या तारणाच्या किमतीपुरता सुटतो. 133, 134, 135, 139, 141. ही कलमं वाचून मला फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शाखेतला जामीनपत्राचा फॉर्म पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. बारीक टायपात एक परिच्छेद होता आणि त्यात हेच पाच आकडे ओळीने उभे होते. या कलमांखालचे हक्क मी सोडून देत आहे. 1872 साली दिलेल्या पाच ढाली, एका सहीत जमा. हा फॉर्म मी दोन वर्षं लोकांपुढे सरकवत होते, पेन्सिलीने फुली मारून: इथं, इथं आणि इथं.

फॉर्म बेकायदा नाही, हे मला मान्य आहे. बऱ्याच ठिकाणी असाच असतो. पण वाचून न दाखवता फुली मारणं मला त्यानंतर जमेना.

नेमके त्याच सुमारास आमच्या आळीतले काका आले. मेव्हण्याच्या मुलाला पिकअप टेम्पो घ्यायचा होता, सहा लाखांचं कर्ज, गाडी नजरगहाण. काकांची भाताची जमीन आणि पेन्शन, म्हणून जामीनदार ते. भाचा सोबत होता, घाईत. "काका, नुसत्या सह्या आहेत." मी फॉर्म फिरवला आणि म्हटलं, "काका, यानं हप्ते भरले नाहीत तर बँक त्याच्या आधी तुमच्याकडे येऊ शकते. गाडी विकून कमी पडले तर तुमच्याकडून घेऊ शकते." भाच्याचं तोंड उतरलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

सोमवारी ते एकटे आले. झेरॉक्सची चार घड्यांची घडी, तिच्यावर हळदीचा डाग. म्हणजे घरात चर्चा झाली होती, आणि स्वयंपाकघरात झाली होती. बायकोचं माहेर आहे, नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं.

"बाय, सहा लाखांतल्या दोनच लाखांचा जामीन ऱ्हाता येईल का?"

128 व्या कलमात 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' हे शब्द याचसाठी आहेत. मी उत्साहाने साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "कायदा बरोबर आहे तुझा. फॉर्ममध्ये रकाना नाही." मग थोडं थांबून, "मुलाच्या चुलत्याला दुसरा जामीनदार आणा म्हणावं."

मी काकांना 146 वं कलम समजावलं: जामीनदार दोन असले तर आपापसात निम्मं निम्मं, एकाने जास्त भरलं तर दुसऱ्याकडून मागता येतं. काकांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे आमचे आमचे दोघं. बँकेला एकटाच पुरतो."

यापेक्षा नेमकं वाक्य माझ्या पुस्तकात नाही. मी होय म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "आनि मी मेलो तर?"

हे मी वाचलं नव्हतं. पुस्तक खणात होतं, काढलं. 131 वं कलम: जामीनदार वारला की चालू हमी संपते, पण पुढच्या व्यवहारांपुरती. टेम्पोचं कर्ज एकदाच उचललेलं, त्यात पुढचा व्यवहार कुठला? आणि फॉर्ममध्ये वारसांचा शब्द होताच. मी म्हटलं, "तुमच्या मागे जे राहील, तेवढ्यापुरतं देणं राहतं. पोरांच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही."

"मागं जमीनच ऱ्हानार."

"हो."

बाहेर खोपोली लोकलचा भोंगा झाला. काका बराच वेळ काउंटरच्या काचेवर चिकटवलेलं व्याजदराचं पत्रक बघत बसले. चुलते बुधवारी आले, तेव्हा काका त्यांच्यासोबत होते. चुलत्यांना पहिल्या पानावरच सही करायची होती. काकांनी त्यांचा हात धरला आणि बारीक टायपातला तो परिच्छेद बोट ठेवून वाचायला लावला. माझी गरज पडली नाही. मग दोघांनी सह्या केल्या. काकांनी सहीखाली 'जामीनदार' असं लिहिलं आणि त्याच्याही खाली, रकाना नसताना, मु. कोंडाणे, ता. कर्जत.