आधी समेट, मग अर्पण

मागच्या व्याख्यानात आपण डोंगरावरील प्रवचनाची तोंडओळख करून घेतली. मत्तयकृत शुभवर्तमानाचे ५ ते ७ हे तीन अध्याय. आज फक्त दोन वचनांपाशी थांबू या. पाचव्या अध्यायातली २३ आणि २४. ही वचने आपल्याला पाठ आहेत, आणि म्हणूनच ती आपण फार लवकर वाचून पुढे जातो.

येशू एक प्रसंग उभा करतो. एक माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहे. तिथे त्याला आठवते, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी आहे. येशू त्याला सांगतो, अर्पण तिथेच राहू दे. आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत ये.

आता नीट पाहा. भावाने माझे काही बिघडवले आहे, असे इथे म्हटलेले नाही. भावाची माझ्याविरुद्ध तक्रार आहे, असे म्हटले आहे. आपण काय करतो? उपासनेत डोळे मिटले, की इतरांनी आपल्याला काय काय केले याची यादी आठवते आणि आपण मोठ्या मनाने म्हणतो, प्रभू, मी त्याला क्षमा केली. पण आपल्यामुळे कोण दुखावले गेले, ही यादी आपण काढतो का? येशू इथे त्या दुसऱ्या यादीविषयी बोलतो आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. हे प्रवचन ऐकणारे पुष्कळ लोक गालीलातले. अर्पणाची वेदी मात्र एकच, यरुशलेमच्या मंदिरात. म्हणजे १०० किलोमीटरहून जास्त वाट, पायी गेले तर तीन-चार दिवस. भाऊ गावी राहिला असेल, तर अर्पण सोडून घरी यायचे, समेट करायचा आणि पुन्हा तेवढीच वाट चालायची. पहिल्या श्रोत्यांना हा हिशेब लगेच कळला असणार. आपल्याला मात्र भाऊ राहतो शेजारच्या गल्लीत, आणि तेवढे अंतरही आपल्याच्याने तुटत नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये हे चित्र नवीन नाही. दोन सख्खे भाऊ. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, बांधावरून वाद झाला, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आधी लागले यावरून बोलणे बंद झाले. दोघेही दर रविवारी येतात, एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. दोघेही प्रभुभोजन घेतात. मुले एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे पौल करिंथकरांस लिहितो. ती परीक्षा आपण कशाची करतो? खोटे बोललो का, प्रार्थना चुकली का, एवढीच? की त्या दुसऱ्या बाकाचीही?

मग जायचे कसे? जो आपल्याशी चुकला आहे त्याच्याकडे जाण्याचा क्रम येशूने मत्तय १८ मध्ये सांगितला आहे. आधी एकट्याने, दोघांतच बोला. ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर न्या. तरीही नाही, तर मग मंडळी. आपण हा क्रम बरोबर उलटा करतो. आधी सगळ्या मंडळीला कळते, मग व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला सगळ्यात शेवटी. चूक आपली असो वा त्याची, सुरुवात दोघांतच व्हायला हवी.

त्याच अध्यायात पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करायची? उत्तरात येशू एका चाकराचा दाखला देतो. चाकराला राजाचे देणे होते दहा हजार टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा: सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर दोन लाख वर्षे. ते देणे राजाने सोडून दिले. त्याच चाकराचे सोबत्याकडे येणे होते १०० दिनार, तेवढ्यासाठी त्याने सोबत्याचा गळा धरला.

१०० दिनार ही तीन महिन्यांहून जास्त दिवसांची मजुरी झाली, हे विसरू नका. गरिबाला ती लहान रक्कम नाही. तुमचे दुःख क्षुल्लक आहे, असे येशू म्हणत नाही. तुम्हाला किती सोडून दिले आहे तेही शेजारी मांडून पाहा, एवढेच तो म्हणतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरात मार खाणाऱ्या बहिणीला आपण या वचनांचा आधार देऊन म्हणतो, क्षमा कर आणि परत जा. हे येशूचे शिक्षण नव्हे. मत्तय १८ मध्ये पहिली पायरी अपराध दाखवून देण्याची आहे, झाकण्याची नाही. वेदीपासून निघायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. मारणाऱ्याने. क्षमा म्हणजे पुन्हा धोक्यात जाणे नव्हे.

आणि समेट नुसत्या शब्दांनी होत नाही. लूक १९ मधला जक्कय आठवा. त्याने नुसते वाईट वाटले म्हटले नाही. ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत देईन म्हणाला. बांध सरकवला असेल, तर डोळ्यांत पाणी आणून भागत नाही, बांध मागे घ्यावा लागतो.

शेवटी प्रश्न येतो, आपण गेलो आणि त्याने दारच उघडले नाही तर? पौल रोमकरांस लिहिताना सर्वांशी शांतीने राहायला सांगतो, पण जेवढे तुमच्याकडून होईल तेवढे, ही मर्यादाही घालतो. दार उघडणे त्याच्या हातात आहे. दारापर्यंत जाणे आपल्या.

पुढच्या रविवारच्या आत आपण एकच नाव मनात आणू या. आपल्यामुळे दुखावलेल्या माणसाचे. फोन करू या, शक्य असेल तर घरी जाऊ या. आणि बोलायची सुरुवात 'पण तूसुद्धा' या शब्दांनी करायची नाही, एवढे आजच ठरवू या.